चालता चालता इंजिन बंद पडतंय? जुन्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जुनी मारुती, झेन, एस्टीम, पहिली सॅन्ट्रो, पद्मिनी अशा गाड्या अजून रोज चालवणारे पुण्यात भरपूर आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी हा अनुभव आलेला असतो. गाडी मस्त चाललीये, गाणी लागलीयेत, आणि एकदम शांतता. मी मेकॅनिक नाही, १९९७ ची कार्बुरेटरवाली (म्हणजे हवा आणि पेट्रोल जुन्या यांत्रिक पद्धतीने मिसळणारी) झेन सांभाळणारा माणूस आहे, चुका करून आणि पैसे घालवून जे कळलं ते इथे एकत्र टाकतोय. लोक तेच तेच विचारतात म्हणून प्रश्नोत्तरं.

गाडी चालू ट्रॅफिकमध्ये बंद पडली, सगळ्यात आधी काय करू?

निदान नंतर, आधी जीव. हजार्ड लावा, गिअर न्यूट्रलला टाका आणि जेवढा वेग उरलाय तेवढ्यात डावीकडे या. पॉवर स्टिअरिंग असेल तर ते एकदम दगडासारखं जड होतं, घाबरू नका, फिरतं, फक्त दोन्ही हातांनी जोर लावायला लागतो. ब्रेकचं महत्त्वाचं. इंजिन बंद झालं तरी बूस्टरमध्ये (ब्रेक हलका करणारा डबा) एक दोन ब्रेकपुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो, त्यामुळे ब्रेक परत परत मारू नका, एकदाच दाबा आणि दाबूनच ठेवा. आणि गाडी हलत असताना चावी काढायची नाही म्हणजे नाही, स्टिअरिंग लॉक झालं तर संपलं.

कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना हे झालं तर तो उतार किती वाईट आहे हे पुणेकरांना सांगायला नको. तिथे बाजूला लागल्यावर गाडीत बसून राहू नका, रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभे रहा, त्रिकोण बराच मागे ठेवा. हायवेवर १०३३ (हायवेची हेल्पलाइन) लावा, अपघाताची भीती असेल तर ११२. बॉनेट उघडून बघायची खाज नंतर भागवता येते.

बाजूला लागलो. आता सेल्फ मारून बघू का?

एकदा मारा, पण कान देऊन. दहा दहा सेकंद घुर्रर्र करत बसू नका, सेल्फ तापतो, बॅटरी उतरते, आणि मुख्य म्हणजे पुरावा जातो. पुरावा कसला ते पुढच्या प्रश्नात.

गाडी "कशी" बंद पडली असं सगळे विचारतात. बंद पडली म्हणजे पडली ना, त्यात कशी काय?

नाही ना, तिथेच तर सगळी गंमत आहे! इंजिन दोन प्रकारे मरतं. एक म्हणजे कोणीतरी बटण बंद केल्यासारखं, आत्ता होतं आत्ता नाही, झटका नाही, खोकला नाही, काही नाही. हे बहुतेक वेळा इलेक्ट्रिकल असतं, म्हणजे स्पार्क गेला, कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी), मॉड्युल (कॉइलचा करंट चालू बंद करणारं इलेक्ट्रॉनिक्स), क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा), इग्निशन स्विच, एखादी वायर, नाहीतर रिले. दुसरा प्रकार म्हणजे आधी पिकअप गेला, गाडी झटके द्यायला लागली, मिसिंग करायला लागली, ॲक्सिलरेटर दाबला तर उलट दबली, आणि मग दहा वीस सेकंदांनी मेली. हे बहुतेक वेळा पेट्रोल पोचत नाही म्हणून.

शंभर टक्के नियम नाहीये हा. इंजेक्शनच्या गाडीत (जिथे कार्बुरेटरऐवजी कॉम्प्युटर पेट्रोल फवारतो) पंपाचा रिले गेला तर तीसुद्धा बरीच झटकन मरते. पण अर्धं काम इथेच होतं.

अजून एक, आरपीएमचा काटा असेल तर मरताना त्याच्याकडे बघा. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवतायत, आणि तरी काटा धप्पकन शून्यावर आला तर इग्निशनचा सिग्नलच गेलाय असं समजा. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर स्पार्क असण्याची शक्यता जास्त. आता मारुती ८०० ला हा काटाच नसतो, मग काय, तेवढा एक पुरावा कमी.

सेल्फ फिरतोय पण गाडी उचलत नाही. रस्त्यावर उभं राहून मी काय तपासू शकतो?

इंजिनाला हवा, पेट्रोल, योग्य वेळी स्पार्क आणि कॉम्प्रेशन एवढंच लागतं. हवा एकदम बंद होत नाही, कॉम्प्रेशन एकदम गेलं तर आवाजात कळतं (टाइमिंग बेल्टचा प्रश्न खाली आहे), त्यामुळे रस्त्यावर ठरवायचं एकच, पेट्रोल नाही की स्पार्क नाही.

पेट्रोल आधी बघा, कारण सोपं आहे. कार्बुरेटरवाली गाडी असेल तर एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद असताना वरून आत बघत हाताने थ्रॉटलची लिव्हर झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडताना दिसली पाहिजे. दिसली म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये (कार्बुरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) पेट्रोल आहे, मग एसी पंप (इंजिनावरचा पेट्रोल पंप, एअर कंडिशनरचा नाही), फिल्टर, टाकी यांना शिव्या देऊ नका. दिसली नाही तर मागे मागे जा, पंपाकडून येणारा पाइप, फिल्टर, टाकी. इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो पंप. रस्त्यावरच्या गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून एकाने मागच्या सीटला कान लावायचा आणि दुसऱ्याने चावी फिरवायची. लोक बघतात, बघू देत.

मग स्पार्क. एक जास्तीचा जुना प्लग गाडीत ठेवा. एका सिलिंडरची प्लगवायर काढा, त्यात हा प्लग खोचा, प्लगचं लोखंड इंजिनाच्या कोऱ्या धातूला घट्ट टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळा, टचटच वाजणारा स्पार्क हवा. पिवळा, अशक्त, मधूनच येणारा म्हणजे कॉइल, कंडेन्सर किंवा वायरी. काहीच नाही म्हणजे तुमचा आजचा गुन्हेगार याच बाजूला आहे. एक करायचं नाही, वायर नुसती लोंबकळत सोडून सेल्फ मारायचा नाही, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्युल त्याने उडू शकतं. आणि ज्या गाडीत पेट्रोलचा वास येतोय तिथे स्पार्क टेस्ट करायचीच नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी सुरू होते. गॅरेजला नेली की नीट चालते. वेड लागायची पाळी आलीये.

या प्रश्नाला सगळ्यात मोठं उत्तर देतो कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालंय.

मे महिना, दुपारी दोन, नवले पुलावरून बोगद्याकडे चढताना झेन बंद. स्विच बंद केल्यासारखी. पंचवीस मिनिटं उन्हात उभे, मग पहिल्या सेल्फला सुरू. पुढच्या आठवड्यात परत तेच, या वेळी चांदणी चौकाच्या चढाला. गॅरेजवाल्याने प्लग बदलले. परत पडली. कॉइल बदलली. परत पडली. कार्बुरेटर सर्व्हिस केला, तरी पडली. नवीन एसी पंप टाकला, दोन आठवडे चालली, आम्ही पेढे वाटायच्या बेतात, आणि मग सासवडला जाताना दिवे घाटात पडली. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजला पोचेपर्यंत थंड, आणि थंड गाडीत स्पार्क एकदम टकाटक. त्या माणसाची चूक म्हणावी तर तसंही नाही, त्याच्यासमोर ती कधी मेलीच नाही.

शेवटी दिवे घाटातच, तापलेली असतानाच, वर लिहिलेली प्लगची टेस्ट केली. स्पार्क शून्य. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल भरपूर. वीस मिनिटांनी परत टेस्ट, स्पार्क आला. म्हणजे पेट्रोलवर घातलेले सगळे पैसे फुकट गेले, आणि कॉइल तर नवीच होती. राहिलं इग्निशन मॉड्युल, ते डिस्ट्रिब्युटरमध्ये असतं, म्हणजे प्लगांना आळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या डब्यात. खात्री करायला घरी गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, हेअर ड्रायरने मॉड्युल तापवलं आणि मधूनमधून कॉइलच्या वायरवर स्पार्क बघत राहिलो. सात आठ मिनिटांत स्पार्क गेला. गार होऊ दिलं, आला. परत तापवलं, गेला! इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हा झाला नव्हता. मॉड्युल उघडलं तर त्याच्या खाली उष्णता वाहून न्यायला जी पांढरी पेस्ट असते ती पूर्ण वाळून गेलेली, नवीन टाकताना ती पेस्ट आठवणीने लावायची.

तर "गरम झाली की बंद, गार झाली की सुरू" याचे ठरलेले संशयित म्हणजे इग्निशन मॉड्युल, डिस्ट्रिब्युटरमधली पिकअप कॉइल, मुख्य इग्निशन कॉइल, इंजेक्शनच्या गाडीत क्रँक सेन्सर किंवा कॅम सेन्सर, आणि थकलेला पेट्रोल पंप. बहुतेकांचं दुखणं एकच, आतली बारीक तार किंवा सोल्डर उष्णतेने प्रसरण पावून सुटतो आणि गार झाला की परत चिकटतो. म्हणून मल्टीमीटरने थंड गाडीत मोजलेला रेझिस्टन्स बरोबर आला तरी पार्ट निर्दोष सुटत नाही. तपासायचं ते तापलेला असतानाच. बंद पडल्यावरची पहिली दहा मिनिटं म्हणूनच सोन्यासारखी असतात, ती फोनवर मित्राला रडगाणं सांगण्यात घालवू नका, प्लग आणि फडकं हातात घ्या.

एअर लॉक एअर लॉक म्हणतात ते काय असतं? ओलं फडकं टाकल्यावर गाडी सुरू होते हे खरं का?

खरं आहे, पण कार्बुरेटरवाल्या गाडीत. इंजिनावर बसवलेला एसी पंप आणि त्याचे पाइप खूप तापले की आतलं पेट्रोल उकळून वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही, पेट्रोल येणं थांबतं. कडक उन्हात, घाटात, नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रांगत असताना होतं. पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं ठेवलं की वाफ परत पेट्रोल होते आणि गाडी चालू. पद्मिनीच्या जमान्यात घाटात प्रत्येक बॉनेटखाली एक ओलं फडकं असायचं, आमच्या बाबांच्या गाडीत तर त्यासाठी वेगळा पंचा होता.

पण आता यात गोची अशी की तेवढ्या वेळात मॉड्युल आणि कॉइलही गार होतात, त्यामुळे "फडकं टाकलं, सुरू झाली" यावरून एअर लॉकच होता असं म्हणता येत नाही. आधी पिचकारी बघा, मग फडकं टाका. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीत असतो आणि लाइनमध्ये प्रेशर जास्त असतं, त्यामुळे तिथे एअर लॉक फारच क्वचित, तरी बरेच जण आपल्या वॅगन आरवर ओला टॉवेल टाकून उभे असतात.

टाकी अर्धी भरलेली आहे तरी पेट्रोल येत नाही असं कसं होईल?

झाकण! टाकीतून पेट्रोल जाईल तशी हवा आत यायला हवी. झाकणाचा किंवा ब्रीदर पाइपचा रस्ता तुंबला की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंप दमतो. बंद पडल्यावर लगेच झाकण उघडा, सूंऽऽ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी लगेच सुरू झाली तर उत्तर मिळालं. फुकटातली टेस्ट, पहिली करा. त्यानंतर नंबर फिल्टरचा आणि मग टाकीतल्या गंजाचा. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत टाकीत गंज आणि गाळ बसतो, चढावर तो पाइपच्या तोंडाशी येतो आणि गाडी मरते, सपाटीला येऊन थांबलं की गाळ खाली बसतो आणि गाडी सुरू. फिल्टर काढून उलटा करून पांढऱ्या कागदावर पेट्रोल ओता, तांबडी भुकटी दिसली तर नुसता फिल्टर बदलून उपयोग नाही, टाकी उतरवून धुवायला लागेल.

इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे होतंय का?

सगळ्याचं खापर त्याच्यावर फोडायची सध्या फॅशन आहे. जे नक्की आहे ते असं, २०२५ मध्ये देशात २० टक्के मिश्रणाचं टार्गेट गाठलं आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि त्याला सॉल्व्हंटसारखा गुण आहे, म्हणून टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकटा सुटून फिल्टरमध्ये येतो, आणि नव्वदच्या दशकातले रबरी पाइप, डायफ्राम, ओरिंग त्यासाठी बनवलेलेच नव्हते, ते फुगतात नाहीतर तडकतात. एसी पंपाचा डायफ्राम आणि कार्बुरेटरची वॉशर त्यात येतात. त्यामुळे रबरी पाइप बदलून घ्या, फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला आणि गाडी महिनोन् महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नका. पण स्विच बंद केल्यासारखी मरत असेल तर इथेनॉलला सोडा, स्पार्क बघा.

धावताना काही त्रास नाही, सिग्नलला क्लच दाबला की बंद.

हा वेगळा आजार आहे, आयडलिंगचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालू राहण्याचा. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्हवर काळं कार्बन साठतं, क्लीनरने साफ केलं की बहुतेक वेळा बरं होतं. कार्बुरेटरमध्ये आयडल जेट तुंबलेला असतो, किंवा जिथे आयडल कट सोलेनॉइड आहे तिथे त्याची वायर सुटलेली असते, चावी ऑन ऑफ करताना त्याचा टिक आवाज येतो का बघा. व्हॅक्यूमचा एखादा पाइप फाटला असेल तरी असंच होतं. आयडलिंगचा स्क्रू आवळून रेस वाढवणे हा उपाय नाही, ती फक्त तक्रार दाबून टाकणं आहे, आणि पुण्यातला प्रत्येक दुसरा माणूस तेच करून देतो.

गाडी बंद पडली आणि डॅशबोर्डवरचे दिवे, हॉर्न सगळंच गेलं.

बॅटरीचे टर्मिनल. हलवून बघा, ढिले असतील. पांढरट हिरवा साका असेल तर गरम पाणी आणि ब्रश. तिथे ठीक असेल तर मुख्य फ्यूज किंवा फ्यूजिबल लिंक, आणि बॅटरीपासून बॉडीला येणारी अर्थची वायर.

दिवे आधी मंद होत गेले, बॅटरीचा लाल दिवा लागला आणि मग मेली असेल तर डायनॅमो चार्ज करत नाहीये, गाडी बॅटरीवर जेवढी चालायची तेवढी चालली. मल्टीमीटर लावा, इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दाखवली पाहिजे. चालू असताना १२ च्या खाली उतरत चालली तर बेल्ट, ब्रश, रेग्युलेटर या क्रमाने बघा.

आणि खड्ड्यात आदळली की क्षणभर बंद होऊन परत चालू होत असेल तर इग्निशन स्विच हलवून बघा. किल्लीच्या जुडग्यात घराची, ऑफिसची, कपाटाची चावी आणि वर गणपतीचा पितळी किचेन, एवढं वजन वीस वर्षं लोंबकळल्यावर स्विचचे कॉन्टॅक्ट घासणारच. गाडीची चावी एकटी ठेवा.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतोय, आवाज एकसुरी येतोय.

थांबा. परत सेल्फ मारू नका. टाइमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ ठेवणारा पट्टा) तुटला असण्याची शक्यता आहे, कॉम्प्रेशन नसल्यामुळे सेल्फला जोरच लागत नाही. जुन्या मारुतींच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो, त्यामुळे कॅप काढून सेल्फचा एक अगदी छोटा झटका दिला आणि रोटर जागचा हलला नाही तर बेल्ट गेला हे पक्कं. काही इंजिनांमध्ये बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, तुमचं इंजिन त्यातलं आहे की नाही हे माहीत नसेल तर वाकतात असंच धरून चाला आणि टो करून न्या. धक्का मारून सुरू करायचा प्रयत्न तर अजिबात नको. जुनी गाडी विकत घेतली आणि बेल्ट कधी बदलला ते विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर बदललेलाच नाही असं समजून आधी बेल्ट टाका.

पावसात बंद पडते.

डिस्ट्रिब्युटर कॅप, प्लगवायरी आणि कॉइलवर ओल. कॅप उघडा, आतून कोरड्या फडक्याने पुसा, बारीक तडा किंवा पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का बघा, दिसली तर कॅप बदला, पुसून चालणार नाही. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, वायरींवर निळे काजवे चमकताना दिसले तर वायरींचा सेट संपलाय. आणि पाणी साठलेल्या रस्त्यातून जाताना बंद पडली असेल, पाणी बंपरच्या वर आलं असेल, तर सेल्फ मारूच नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिनच उतरवायला लागतं.

गाडीला सीएनजी किट आहे, काही वेगळं?

तुमच्याकडे तर फुकटची टेस्ट आहे! सीएनजीवर मेली तर पेट्रोलवर टाका. पेट्रोलवर चालली म्हणजे स्पार्क, टाइमिंग, कॉम्प्रेशन बहुतेक ठीक, गडबड गॅसच्या बाजूला, म्हणजे रेग्युलेटर, सोलेनॉइड, गॅस फिल्टर. दोन्हीवर नाही चालली तर बहुतेक इग्निशन. फक्त एक गोम आहे, सीएनजीवाले वर्षानुवर्षं पेट्रोल वापरतच नाहीत, टाकीत तळाला दोन लिटर जुनं पेट्रोल, पंप कोरडा पडून खराब, आणि मग टेस्ट खोटी बोलते. टाकीत निदान पाव टाकी ताजं पेट्रोल ठेवा आणि रोज थोडं तरी पेट्रोलवर चालवा. गॅसला स्पार्क जास्त जोमदार लागतो, त्यामुळे थकलेली कॉइल आणि झिजलेले प्लग आधी सीएनजीवर बोंब मारतात.

पद्मिनीत सीबी पॉइंट आहे. तिथे काय बघायचं?

कॅप काढा, पॉइंट (स्पार्कसाठी करंट जोडणारे तोडणारे कॉन्टॅक्ट) बघा. निळेकाळे जळलेले असतील तर कंडेन्सर गेलाय, नुसते पॉइंट घासून दोन दिवस चालेल. गॅप ०.४ ते ०.५ मिमीच्या मधे, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर घरी तात्पुरतं काहीही चालवतात, मी नावं सांगत नाही. पॉइंट आणि कंडेन्सरचा एक जोड डॅशबोर्डच्या कप्प्यात हवाच, शिवाय छोटा स्क्रूड्रायव्हर. दहा मिनिटांचं काम आहे, आणि या गाडीचं सुख हेच की रस्त्यावर बसून दुरुस्त होते.

ऑनलाइन मिळतो तो छोटा स्कॅनर लावला, कनेक्टच होत नाही.

आपल्याकडे ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच दोष नोंदवायची पद्धत) २०१० पासून आणि ओबीडी टू २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना कंपनीची स्वतःची भाषा आहे, तो स्वस्तातला स्कॅनर ती बोलत नाही. कार्बुरेटरवाल्यांनी तर तो खरेदी करूच नये, हो, विचारणारे भेटलेत. पण इंजेक्शनच्या गाडीत स्कॅनरशिवाय एक गोष्ट बघता येते, चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का. दिवाच लागत नसेल तर बहुतेक कॉम्प्युटरला करंट पोचत नाहीये, मुख्य रिले आणि फ्यूज बघा. आणि कोड आला म्हणून लगेच तो सेन्सर विकत घेऊ नका, निम्म्या वेळा सेन्सर चांगला असतो आणि त्याचा कनेक्टर सैल किंवा उंदराने खाल्लेला असतो.

उंदीर? खरंच?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रहा एकदा. आमच्याकडे एका शेजाऱ्यांच्या सॅन्ट्रोची इंजेक्टरची वायर अर्धी कुरतडलेली होती, सरळ रस्त्यावर चालायची, स्पीडब्रेकरवर बंद पडायची. महिनाभर शोधत होते.

टेंपरेचरचा काटा वर गेला आणि मग बंद पडली.

ही बंद पडली नाही, तिने जीव दिलाय किंवा द्यायच्या बेतात आहे. सेल्फ नको, रेडिएटरचं झाकण गरम असताना नको, तापलेल्या इंजिनावर गार पाणी तर मुळीच नको. तास जाऊ द्या. मग पाणी, पंखा फिरतो का, पंख्याचा फ्यूज, थर्मोस्टॅट, पाइप. ऑइलची काठी बघा, ऑइल कॉफीसारखं दिसत असेल तर हेड गॅस्केट, टोइंगवाल्याला बोलवा.

डिझेल?

स्पार्कचा प्रश्नच नाही, बघायचं डिझेल आणि हवा. फिल्टर तुंबला किंवा लाइनमध्ये हवा गेली तर हातपंपाने हवा काढायला लागते. जुन्या रोटरी पंपाच्या गाड्यांत, म्हणजे जुन्या इंडिकासारख्या, पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर सुटली की गाडी स्विच बंद केल्यासारखी मरते, ती एक वायर आधी बघा. डिझेलमध्ये माझा हात फार नाही, एवढंच.

पार्ट कुठून घेऊ? जुन्या बाजारातलं चालेल का?

नाना पेठेत जा, जुना पार्ट हातात घेऊन जा, नाव सांगून नाही. एकाच मॉडेलला दोन तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे डिस्ट्रिब्युटर लागलेले असतात आणि कॅप एकमेकांना बसत नाहीत. बुधवार रविवारच्या जुन्या बाजारात दाराचं हँडल, आरसा, व्हीलकॅप जरूर घ्या, पण कॉइल, मॉड्युल, क्रँक सेन्सर घेऊ नका, तो पार्ट कोणीतरी गरम झाल्यावर बंद पडतोय म्हणूनच काढलेला असू शकतो आणि बाजारात तो थंड असतो.

गॅरेजला नेल्यावर काय सांगू?

"गाडी बंद पडते" एवढंच सांगितलं तर कार्बुरेटर सर्व्हिस आणि प्लग होणार, हे लिहून घ्या. वहीत किंवा फोनवर नोंद ठेवा, तारीख, किती किलोमीटर चालल्यावर, चढ की सपाट, टाकी किती भरलेली, एसी चालू होता का, झटके दिले की एकदम मेली, किती मिनिटांनी सुरू झाली, आणि पिचकारी आणि स्पार्क यातलं काय नव्हतं. शक्य असेल तर स्पार्क टेस्टचा व्हिडिओ दाखवा. सगळ्यात उत्तम म्हणजे मेकॅनिकलाच बाजूला बसवून, गाडी तापवून, ती पडते तिथे घेऊन जा. माझ्या मेकॅनिकला मी मॉड्युल बदलल्यावर भर दुपारी बोगद्याच्या बऱ्याच पलीकडे नेऊन आणलं, जाताना तो म्हणत होता वेळ वाया जातोय, येताना खेड शिवापूरला जेवायला थांबूया का म्हणाला.